मारोतराव आणि त्यांची हायब्रीड

मारोतरावांना 'राम राम' घातला तर ते 'राम राम' म्हणत नाहीत. ते म्हणतात, "चोवीस."

नवीन माणूस बुचकळ्यात पडतो. त्याला वाटतं, म्हातारा लॉटरीचा आकडा सांगून राहिला का काय. आमच्या शिरड शहापुरात मात्र शेंबड्या लेकरालासुद्धा ठाऊक आहे, की चोवीस म्हणजे मारोतरावांच्या गाडीनं काल एका लिटरात चोवीस किलोमीटर चालून दाखवलं. म्हणजे मारोतरावांची तब्येत बरी आहे, जेवण झालेलं आहे, घरात सगळं क्षेम आहे. तेवीस म्हणाले तर समजायचं, कुणीतरी जाडजूड पाहुणा गाडीत बसून गेला. बावीस म्हणाले तर त्या दिवशी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

त्यांचं माझं शेत बांधाला बांध लागून आहे. बांधावरून दोनदा भांडणं झाली, दोन्ही वेळा माझं बराबर होतं. शाळा माझी चौथीत सुटली, त्यांची तिसरीत. तेव्हा शहाणपणात मी एक इयत्ता पुढं आहे, पण हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. बाकी शेजारी म्हणून माणूस सोन्यासारखा. फक्त गाडीचा विषय काढू नये. आणि आपण नाही काढला तरी ते काढतातच.

गाडी आली पुण्याहून. त्यांचा पोरगा संतोष तिकडं नोकरीला आहे, त्यानं आईबापासाठी म्हणून जुनीच पण चांगली बघून घेतली. अर्धी पेट्रोलवर चालते, अर्धी विजेवर. वीज घरून लावावी लागत नाही, चालता चालता गाडी आपली आपणच तयार करते. तिला हायब्रीड म्हणतात. आता हायब्रीड म्हटलं की आमच्या वयाच्या माणसाला ज्वारी आठवते. तरुणपणी त्या हायब्रीडच्या भाकरी लई खाल्ल्या. पोट भरायचं, जिभेला काही कळायचं नाही. म्हणून गाडी पारापाशी उभी राहिली तेव्हा मी चारचौघांत बोललो, "मारोतराव, हायब्रीडची भाकर अन् हायब्रीडची गाडी, दोन्हीत कस न्हाई. माझी जीप बघा."

"तुमची जीप," मारोतराव म्हणाले, "म्हशीवानी पिती अन् म्हशीवानीच वरडती. ही खाती बी कमी अन् बोलती बी न्हाई. असा जावई भेटत न्हाई, किसनराव."

पार हसला. मी नाही हसलो.

त्या गाडीत बसायचं म्हणजे देवळात शिरण्यासारखं आहे. पहिल्यांदा मी हिंगोलीला त्यांच्यासोबत निघालो, तर म्हणाले, "वहाणा इथंच ओट्यावर ठेवा. माघारी आल्यावर घाला."

"अन् हिंगोलीत काय अनवाणी फिरू?"

"पाव पाव किलोची एकेक वहाण हाय तुमची. तेवढं वझं काहून न्यायचं?"

मी रागानं तांब्याभर पाणी प्यायलो, तर त्याच्यावरही बोलले. म्हणे, "पाणी हिंगोलीत भेटत न्हाई का? पोटातलं पाणी बी पेट्रोलच खातं." शेवटी मी वहाणा घालूनच बसलो. मी काही त्यांचं ऐकायला बांधलेला नाही. पण औंढा येईपर्यंत ते माझ्या पायांकडं असं बघत होते, की जणू मी दोन धोंडे बांधून आलो होतो.

ते स्वतः अनवाणीच चालवतात. एक्सिलेटर नुसत्या अंगठ्यानं दाबतात. अख्खं पाऊल ठेवलं की इंजिन जागं होतं म्हणे. इंजिन जागं झालेलं त्यांना सोसत नाही. मागच्या सीटवर तान्हं लेकरू निजवलं आहे, अशा बेतानं चालवतात. पुढं एक पडदा आहे, त्यावर बाण फिरतात. बाण इंजिनाकडून चाकाकडं गेला की मारोतरावांचं तोंड आंबट. चाकाकडून बॅटरीकडं आला की गोड. ब्रेक दाबला की वीज जमा होते, म्हणून ब्रेक दाबायचीसुद्धा त्यांची रीत आहे.

"ब्रेक म्हंजे आचळ समजा," ते मला शिकवायला लागले. "एकदम वढलं की गाय लाथ मारती. हळूहळू पिळलं की पान्हा सोडती."

औंढ्याजवळ एक लांब उतार आहे. तिथं ते इतकं मन लावून ब्रेक पिळतात, की मला वाटतं उतरून खाली चरवी लावावी.

चाल विचाराल तर बैलाची. एकदा उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन आम्हाला मागं टाकून गेला. ट्रॉलीवर बसलेल्या बाया आमच्याकडं बोट दाखवून हसल्या. मी मान खाली घातली. मारोतराव म्हणाले, "जाऊ द्या. त्याला घाई हाय, आपल्याला अ‍ॅव्हरेज हाय."

हळू चालली की गाडीचा आवाजच येत नाही. माणसाला कळत नाही, जनावराला कळत नाही. रस्त्यावर शेळ्या बसल्या तर बसूनच राहतात. एकदा तर मी रस्त्याच्या कडेला उभा राहून विडी पेटवत होतो, आणि ही गाडी माझ्या मांडीला येऊन टेकली. हात जोडले मी. म्हणालो, "मारोतराव, माझ्या घरी बैलांच्या घुंगरमाळा पडून हायत. एक हिच्या तोंडाला बांधू. माणसं तरी वाचतील."

"न्हाई. आवाज नको."

"अहो, घुंगरांचं असं किती वजन?"

"वजनाचं न्हाई म्हणून राहिलो. आवाज नको म्हणून राहिलो."

माणूस इतका हट्टी. मी हट्टी माणसं पाहिली आहेत, मी स्वतः कमी नाही, पण ह्यांच्यापुढं हात टेकले.

गाडी मुख्य लागायची ती गयावहिनींच्या दवाखान्याला. त्या मारोतरावांच्या मंडळी. मागं त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज मात्र गेल्यासारखा झाला. उरला तो इतका बारीक, की चुलीत काटकी तडतडली तरी त्यात बुडावा. पूर्वी ह्या बाईची हाक दोन शेतं ओलांडून यायची. नंतर त्या काही बोलल्या की आम्ही 'आँ? आँ?' करायचो. घरात टीव्ही, शेजारी पिठाची गिरणी. कुणाला काय ऐकू येणार? मग त्यांनी बोलणंच टाकून दिलं. मान हलवायच्या, हातानं दाखवायच्या. गावानं धरूनच घेतलं की बाई मुकी झाली. दवाखान्याच्या फेरीला त्या मागच्या सीटवर खिडकीला टेकून बसतात, आणि मारोतराव गाडी हाकतात. अशी दोघं जाताना मी कितीदा पाहिली आहेत.

आता यंदाची गोष्ट.

हळदीचा हंगाम म्हणजे आमच्याकडं माणसाच्या भुवयासुद्धा पिवळ्या होतात. हळद शिजली, वाळली, ढोलात फिरून पॉलिश झाली. मोठा माल ट्रकनं हिंगोलीच्या बाजारात गेला. पण मारोतरावांनी घरची दळलेली हळद पोत्यापोत्यानं गाडीच्या मागं टाकून न्यायला सुरुवात केली. हिंगोलीतले सोयरे, ओळखीचे दुकानदार, दवाखान्यातले डॉक्टर, सगळ्यांना वानोळा. गाडी तशीही जातेच, म्हणे.

मी म्हणालो, "मला वहाणा काढायला लावता, अन् ही पोती चालतात व्हय?"

"हळद बोलत न्हाई, किसनराव. तुमी बोलता."

हा टोमणा मी लक्षात ठेवला.

पुढं काय झालं, चोवीसचे बावीस झाले. बावीसचे वीस. आणि एका सकाळी मी बांधावरून 'राम राम' म्हणालो, तर मारोतराव म्हणाले, "राम राम."

मी हातातलं खुरपं टाकून बांध ओलांडला.

गाडीत पिवळा दिवा लागायला लागला होता. इंजिन घडीघडीला जागं व्हायचं, पडद्यावरचे बाण उलटे फिरायचे. हिंगोलीतल्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून पाहिलं आणि 'हे आपलं काम न्हाई, नांदेडला दाखवा' म्हणून झाकलं. मारोतरावांना मात्र नांदेडचं भ्या. तिथं 'बॅटरी गेली' म्हणाले तर? त्यांनी घरच्या घरी उपाय सुरू केले. चाकांत हवा इतकी भरली, की गाडी खड्ड्यावरून चेंडूसारखी उडायला लागली. पायाखालच्या चटया काढल्या, स्टेपनी काढून कडब्याच्या गंजीवर ठेवली. पुढं लिंबू-मिरची बांधली. त्यातही लिंबू लहान बघून. शेवटी स्वतःचं वजन उतरवायला दोन्ही वेळचा उपास धरला. मी म्हणालो, "एकादशी तर होऊन गेली."

"ही गाडीची हाय," ते म्हणाले.

हे संतोषला कुणीतरी कळवलं. त्याचा फोन आला तेव्हा मी तिथंच बसलो होतो. फोन मोठ्या आवाजावर होता.

"बाबा, पिवळा दिवा लागला म्हंजे बॅटरी चालली. मी रविवारी येऊन राहिलो. मोठी डिझेल गाडी घेतली तुमच्यासाठी. ती ठेवतो, ही घेऊन जातो अन् विकून टाकतो."

"विकायची न्हाई."

"माय गाडीत असताना औंढ्याच्या चढावर बंद पडली तर? उन्हात तिला घेऊन कुठं उभं राहताल? मला इथं काम सुचत न्हाई, बाबा."

पोराचं चुकीचं नव्हतं. फोन ठेवला आणि ते गाडीच्या दाराला हात लावून उभे राहिले. उद्या बाजारात न्यायच्या गाईपाशी माणूस उभा राहतो, तसे. मला काही कळेना. पोरगा नवीकोरी मोठी गाडी देतो. दुसरा बाप असता तर पेढे वाटले असते. एवढं काय त्या अ‍ॅव्हरेजचं घेऊन बसला हा माणूस?

रविवारच्या आधी, एका सकाळी ते माझ्या गोठ्यात घाईघाईनं आले. "किसनराव, चला. ती म्हणती, गाडीला दम लागून राहिला."

"कोण म्हणती?"

"तुमची वहिनी."

"वहिनी? वहिनी कवा बोलल्या?"

"ते राहू द्या! ती मागं बसती ना, तिच्या पायापाशी एक जाळी हाय. तिच्यातून पंख्याची घरघर येती म्हणती. अन् हळदीचा वास. म्या म्हनलं, मागं हळद हाय तर वास येणारच. तर म्हणती, हळद उतरवल्यावर बी येतो."

आम्ही दोघं म्हातारे मागच्या सीटपाशी ओणवे झालो. हातातल्या टॉर्चचा उजेड टाकला. सीटच्या खालच्या बाजूला खरंच एक जाळी होती, आणि काळी असायची ती जाळी पिवळीजर्द. मी बोट फिरवलं, तर वरणापुरती हळद निघाली.

"मारोतराव!" मी म्हणालो. "तुमी तिच्या नाकात हळद कोंबली!"

ते मटकन खाली बसले. मग हसायला लागले. मग म्हणाले, "चला नांदेडला. आताच्या आता. वहाणा घालूनच बसा."

नांदेडच्या वर्कशॉपमध्ये कारागिरानं ती जाळी काढली, आतला पंखा उघडला आणि हवेचा पाइप लावला. भसकन पिवळा ढग निघाला. कारागीर शिंकला, त्याचा साहेब शिंकला, दुसऱ्या गाडीची वाट बघत बसलेला एक पाहुणा शिंकला. सगळे गोळा झाले.

"काका, गाडीत हळद वाहता का?"

मारोतराव छताकडं बघायला लागले.

कारागिरानं नीट समजावून सांगितलं. मागं सीटखाली बॅटरी असते, ती चालून चालून तापते. तिला गार ठेवायला पंखा गाडीतली हवा ह्या जाळीतून ओढतो. जाळी बुजली की बॅटरी तापते, तापली की अंग चोरते, आणि सगळं ओझं इंजिनावर येतं. मग पेट्रोल जास्त जाणारच. बॅटरी मात्र तपासून पाहिली, ठणठणीत होती. "एवढी जाळी मधूनमधून साफ करत जा, अन् तिच्यासमोर पोतं, पिशवी काही ठेवू नका," तो म्हणाला.

तो शिंकणारा पाहुणा म्हणाला, "गाडीला हळद तर लागली. आता अक्षता टाका."

"टाका की," मारोतराव म्हणाले. "नवरी माझीच हाय."

रविवारी संतोष आला. मोठी गाडी म्हणजे खरंच मोठी. काळी, उंच, पायरीवर चढून बसायची. पारावरची सगळी माणसं जमली. मी पण हात लावून पाहिला. खोटं कशाला बोलू, मला आवडली. संतोषनं चालू करून दाखवली तर खिडक्यांची तावदानं थरथरली.

"बघा बाबा, कशी दणदणीत आहे."

"तीच तर तकलीफ हाय," मारोतराव म्हणाले.

"काय तकलीफ?"

"दणदणीत हाय."

संतोषनं माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. शेवटी असं ठरलं: हायब्रीड घेऊन हिंगोलीला जाऊन यायचं. सगळ्यांनी बसायचं, मायसुद्धा. एकदा जरी पिवळा दिवा लागला, तरी चावी संतोषची. नाही लागला, तर मारोतरावांची. मी पंच. पंचाला वहाणा काढायला सांगायची त्यांची हिंमत झाली नाही.

मी पुष्कळ शर्यती पाहिल्या आहेत, शंकरपटात बैल पळवले आहेत. पण इतक्या हळू चाललेली आणि इतका जीव टांगणीला लावणारी शर्यत पाहिली नाही. संतोष पुढं बसून दिव्याच्या जागेवर डोळा लावून होता. मी आणि वहिनी मागं. जाताना माझं आणि संतोषचं तोंड एक घडी बंद नव्हतं. तो म्हणायचा आता लागतो, मी म्हणायचो लागत नाही. औंढ्याच्या चढावर इंजिन घुमलं तेव्हा संतोष पुढं झुकला. दिवा नाही लागला. उतारावर मारोतरावांनी असा ब्रेक पिळला, की पडद्यावरची बॅटरी काठोकाठ भरली.

हिंगोलीत एका हॉटेलासमोर गाडी थांबवली. मारोतरावांनी पडद्याकडं पाहिलं, आणि दार उघडून तसेच अनवाणी खाली उड्या मारत उतरले.

"पंचवीस!" ते ओरडले. "पंचवीस! चार माणसं, वहाणा, सगळं धरून पंचवीस!"

हॉटेलातली माणसं बाहेर आली. त्यांना वाटलं, काही निकाल लागला. मारोतरावांनी एकेकाला धरून पडदा दाखवला. भजे तळणारा झारा हातात घेऊन आला, त्यालाही दाखवला. कुणाला काही कळलं नाही, पण म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघून सगळे म्हणाले, व्वा. आणि मग, लिहून ठेवतो कारण कुणी विश्वास ठेवणार नाही, मारोतरावांनी तिथल्या सगळ्यांना चहा पाजला. वर भजी. सगळ्यांत जास्त मी खाल्ली. पंचाचा मान असतो.

संतोष हसत होता. त्यानं चावी बापाच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "ठेवा बाबा. तुमी जिंकले. पण मला एवढं सांगा, ती मोठी काहून नको? पेट्रोल-डिझेल मी टाकीन की."

मारोतरावांनी चावी खिशात घातली.

माघारी निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. भजी अंगावर आल्यामुळं मी गप्प होतो. संतोष मोबाइल बघत होता. औंढा मागं गेला, रस्ता सपाट झाला, मारोतरावांनी अंगठा उचलला आणि इंजिन निजलं. इतकं शांत झालं, की टायरखालचा खडासुद्धा ऐकू येत होता.

आणि माझ्या शेजारून आवाज आला.

"ह्या औंढ्याच्या जत्रेत तू हरवला होतास, संतोष. ध्यानात हाय का?"

गयावहिनी. मी मान वळवून बघतच राहिलो. आवाज बारीक, वाळल्या पानासारखा, पण शब्द न् शब्द लख्ख. संतोषनं मोबाइल खाली ठेवला. सावकाश मागं वळला.

"माय? तू फोनवर तर कधी..."

"फोनवर तू नुसतं हॅलो हॅलो करतोस. त्यात माझं काय ऐकू येईल तुला?"

संतोषचं तोंड उघडं राहिलं. तो आणखी काही विचारणार, तेवढ्यात मारोतरावांनी डावा हात वर केला. डोळे रस्त्यावर, मान मात्र जरा मागं कललेली.

"मधी बोलू नको रे," ते हळूच म्हणाले. "इंजिन लागलं की तिचं ऐकू येत न्हाई. आता बॅटरी भरलेली हाय, तवर बोलू दे."

मग वहिनी सांगत होत्या. जत्रेत गर्दी किती होती, संतोषच्या अंगात कोणता सदरा होता, ह्यांनी कुठं कुठं शोधलं. मारोतराव हुं म्हणायचे. मधेच म्हणाले, "तो सदरा निळा न्हवता, हिरवा होता." वहिनी म्हणाल्या, "तुमाला काय कळतं? म्या शिवला होता." आणि दोघं हसले. मागचे ट्रक हॉर्न वाजवून पुढं जात होते. प्रत्येक ट्रक जाईपर्यंत वहिनी थांबायच्या, मारोतराव थांबायचे, आणि गेला की म्हणायचे, "हां. पुढं?"

शिरडचा फाटा दिसायला लागला. पारावर माणसं उभी असणार निकाल ऐकायला, मी सावरून बसलो. मारोतरावांनी ब्रेकला पाय लावला नाही. फाटा मागं गेला, आणि गाडी तशीच बिनआवाजाची वसमतच्या रस्त्याला लागली. संतोषनं बापाकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"मग तो रेवडीवाला मला म्हणाला," वहिनी सांगत होत्या, "बाई, तुमचं लेकरू हे काय, माझ्या गाड्याखाली निजून राहिलं..."